‘सिंगिन इन द रेन’ची फोर-के डिस्क: आधी आवाज जुळवा, मग पाऊस बघा

निकाल आधीच सांगून टाकू: डिस्क घेण्यासारखी आहे. पण प्लेअरमध्ये सरकवली आणि लावली, असं करून चालणार नाही. ओठ आणि आवाज यांचं जमतं कसं आणि फसतं कसं, यावरच १९५२ चा हा अख्खा हॉलिवूड संगीतपट उभा आहे. टीव्ही कारखान्यातून जसा आला तशाच सेटिंगवर तो लावला, तर टकटक आधी येते आणि नायक जीन केलीचा बूट मागून आपटतो. पडद्यावरचा घोटाळा आपल्या दिवाणखान्यात शिरायला नको.

वॉर्नरने चित्रपटाच्या सत्तरीच्या निमित्ताने २०२२ मध्ये ही डिस्क काढली. खोक्यात दोन डिस्क आहेत: एक फोर-के अल्ट्रा एचडी, एक साधी ब्लू-रे. लांबी १०३ मिनिटं, चित्र एचडीआर१० (उजेड-काळोखाची वाढीव पट्टी), चौकट १.३७:१, मुख्य आवाज डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर). फोर-के डिस्कला रीजन कोडची भानगड नसते, त्यामुळे ती कुठूनही मागवली तरी कुठल्याही फोर-के प्लेअरवर चालते. साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये मात्र ती चालत नाही. तिथे खोक्यातली दुसरी डिस्क लावायची.

ज्यांनी चित्रपट पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गोष्ट १९२७ सालच्या हॉलिवूडची. ‘द जॅझ सिंगर’ पडद्यावर बोलू-गाऊ लागतो, लोक तिकडे धावतात आणि मॉन्युमेंटल पिक्चर्स नावाच्या काल्पनिक स्टुडिओची धांदल उडते. डॉन लॉकवूड (जीन केली) आणि लीना लॅमॉन्ट (जीन हेगन) ही मूकपटांची लाडकी जोडी. त्यांचा अर्धवट झालेला ‘द ड्युएलिंग कॅव्हेलिअर’ आता बोलपट करायचा असं फर्मान निघतं. लीना दिसायला अप्सरा, आवाज मात्र पत्र्यावर खिळा ओढावा तसा. मग डॉनचा मित्र कॉस्मो (डोनाल्ड ओकॉनर) युक्ती काढतो: पडद्यावर लीना, आवाज कॅथी सेल्डनचा (डेबी रेनल्ड्स).

ही गोष्ट कशी जुळून आली ते कळलं की चित्रपटाचे अर्धे गुण-दोष आपोआप समजतात. चित्रपट काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओचा निर्माता आर्थर फ्रीड हा मुळात गीतकार. नॅसिओ हर्ब ब्राउनच्या चालींवर त्याने लिहिलेली, स्टुडिओच्या जुन्या चित्रपटांत येऊन गेलेली गाणी नुसती पडून होती. बेटी कॉम्डन आणि अडॉल्फ ग्रीन या जोडीला न्यूयॉर्कहून बोलावून सांगण्यात आलं, ही गाणी घ्या आणि त्यांच्याभोवती पटकथा लिहा. म्हणजे गाणी आधी, गोष्ट मागून. दोघांनी शहाणपणा असा केला की गाणी ज्या काळातली त्याच काळात गोष्ट नेऊन ठेवली. शीर्षकगीत ‘द हॉलिवूड रेव्ह्यू ऑफ १९२९’मधलं, ‘यू वेअर मेंट फॉर मी’ त्याच वर्षीच्या ‘द ब्रॉडवे मेलडी’मधलं. ‘वुड यू’ १९३६ च्या ‘सॅन फ्रान्सिस्को’तून आलं, ‘गुड मॉर्निंग’ १९३९ च्या ‘बेब्स इन आर्म्स’मधून. नवी अशी दोनच. ‘मोझेस सपोझेस’ला रॉजर इडन्सची चाल आणि कॉम्डन-ग्रीनचे शब्द. दुसरं ‘मेक एम लाफ’, ज्याची चाल कोल पोर्टरच्या ‘बी अ क्लाउन’शी इतकी मिळते की तिला नवी म्हणायला जीभ अडखळते. पोर्टरचं ते गाणं १९४८ च्या ‘द पायरेट’मध्ये होतं, निर्माता हाच फ्रीड आणि नाचणारा हाच केली!

दिग्दर्शन केली आणि स्टॅन्ली डोनन या दोघांचं. चित्रीकरण १९५१ च्या जून ते नोव्हेंबरमधलं. तेव्हा डोनन २७ वर्षांचा होता. छायाचित्रण हॅरॉल्ड रॉसनचं, ज्याने त्याआधी ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ टिपला होता. कपडे वॉल्टर प्लंकेटचे, संगीत-दिग्दर्शन लेनी हेटनचं, संकलन एड्रिएन फेझनचं. या नावांपैकी रॉसन आणि प्लंकेट यांचं काम फोर-केवर सगळ्यांत जास्त उठून दिसतं, म्हणून चित्रापासूनच सुरुवात करू.

चित्रपट तीन-पट्टी टेक्निकलरमध्ये टिपलेला आहे. या कॅमेऱ्यात भिंगामागे लोलक असतो; तो प्रकाश विभागतो आणि तीन वेगवेगळ्या कृष्णधवल निगेटिव्हवर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची नोंद होते. प्रकाश असा वाटला गेल्यामुळे सेटवर दिव्यांचा अक्षरशः भडिमार करावा लागे. त्याचा फायदा म्हणजे रंग फिल्मवरच्या कच्च्या रसायनात अडकून राहत नाहीत, तिन्ही नोंदी वेगळ्या राहतात. तोटा असा की वर्षं गेली की तिन्ही पट्ट्या थोड्या थोड्या आणि वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. मग जुन्या प्रतींमध्ये माणसांच्या कडांना लाल-हिरवी झालर दिसते. २००२ च्या डीव्हीडीसाठी वॉर्नरने तिन्ही नोंदी संगणकावर एकमेकींवर नेमक्या बसवल्या, तेव्हापासून ती झालर गेली. या डिस्कवर ती शोधूनही सापडत नाही.

एक गोष्ट मात्र अपेक्षा ठरवताना लक्षात ठेवावी. मूळ कॅमेरा निगेटिव्ह आज हातात नाही. १९७८ मध्ये रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाऊस या संग्रहालयाला लागलेल्या आगीत ती गेली. आज जे दिसतं ते जपून ठेवलेल्या पुढच्या पिढीच्या प्रतींवरून. म्हणून मूळ निगेटिव्हवरून केलेल्या एखाद्या फोर-के डिस्कशी तुलना करून चेहऱ्यावरची रंध्रं मोजायला बसलात तर निराशा होईल. लांबच्या शॉटमध्ये मागे उभ्या असलेल्या नर्तकांचे चेहरे थोडे मऊच राहतात. २०१२ च्या ब्लू-रेपेक्षा बारकावा वाढला आहे, पण उडी मोठी नाही. खरी कमाई रंगांत आणि काळ्या छटांत आहे.

नामावलीतच बघा. तिघं पिवळे रेनकोट घालून, काळ्या छत्र्या घेऊन येतात. ब्लू-रेवर तो पिवळा एकच सपाट रंग होता. इथे खांद्यावरची चमक, घडीतली सावली आणि ओल्या कापडाची झाक वेगळी कळते. ‘ब्यूटिफुल गर्ल’मधली कपड्यांची परेड प्लंकेटने १९२० च्या दशकातल्या फॅशनची फिरकी घेत शिवली आहे. एकापाठोपाठ एक रंग येतात आणि एकही दुसऱ्यात सांडत नाही. शेवटाकडच्या ब्रॉडवे बॅले या लांबलचक नृत्यप्रसंगात नर्तकी सिड चॅरीस हिरव्या झळाळत्या पोशाखात पाय लांब करते आणि पायाच्या टोकावर केलीची हॅट असते. तो हिरवा रंग साध्या एचडीच्या रंगकक्षेत मावतच नव्हता. ‘द रॉयल रास्कल’ या चित्रपटातल्या चित्रपटाचा कृष्णधवल तुकडाही बारकाईने बघावा. त्यातली तलवारबाजी केलीच्याच १९४८ च्या ‘द थ्री मस्केटिअर्स’मधली आहे. तो मूळचा रंगीत, इथे रंग काढून वापरला.

आता टीव्हीचं बघू. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच.

पहिली गोष्ट चौकट. चित्र १.३७:१ आहे, म्हणजे डावी-उजवीकडे काळे पट्टे येणारच. ५५ इंची टीव्हीवर प्रत्यक्ष चित्र साधारण ४६ इंची टीव्हीएवढं होतं, आणि घरातलं कोणीतरी रिमोट उचलून ‘झूम’ किंवा ‘फुल’ दाबतं. ‘फुल’ने सगळे जाडे दिसतात. ‘झूम’ त्याहून वाईट, कारण रुंदी भरायची तर उंचीचा जवळजवळ पाव भाग कापला जातो. केलीचा आग्रह असा की नाचणारा डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत हवा. झूम केलं की पहिले जातात ते पाय. टॅप डान्सच्या, म्हणजे बुटांच्या ठोक्यांवरच्या नाचाच्या, चित्रपटात पायच दिसत नसतील तर मग उरलं काय! प्लेअर आणि टीव्ही दोन्हीकडे मूळ चौकट ठेवा, टीव्हीतलं ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणारं सेटिंग) बंद करा.

दुसरी गोष्ट चित्र ‘गुळगुळीत’ करणारं सेटिंग. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, काम एकच: सेकंदाला २४ फ्रेम असलेल्या चित्रपटात मधल्या फ्रेम स्वतःच्या कल्पनेने भरणं. ‘मेक एम लाफ’मध्ये ओकॉनर धावत भिंतीवर चढतो आणि उलटी कोलांटी मारतो. त्या वेगात टीव्हीचा अंदाज चुकतो आणि हातापायांभोवती चित्र विरघळल्यासारखं दिसतं. शिवाय ही गणितं करायला टीव्हीला वेळ लागतो आणि त्यामुळे चित्र आवाजाच्या मागे पडू शकतं. हे सेटिंग पूर्ण बंद करा, ‘कमी’वर ठेवू नका. प्लेअरचं आउटपुट २४ हर्ट्झवर ठेवा. ते ६० वर असेल तर एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवली जाते, आणि शीर्षकगीतात कॅमेरा क्रेनवरून वर जातो तिथे चित्र अडखळत सरकतं.

तिसरी गोष्ट काळा रंग. शीर्षकगीताच्या पावसात दूध मिसळलं होतं ही दंतकथा अजून सांगितली जाते. तसं काही नव्हतं. पाणी पारदर्शक असल्यामुळे समोरून प्रकाश टाकला तर कॅमेऱ्याला थेंब दिसत नाहीत. मागून टाकला तर प्रत्येक थेंबाची कड उजळते. रॉसनने तेच केलं. दुकानांच्या उजळलेल्या काचा मात्र समोरच, त्यामुळे कुठला दिवा कुठे हे गणित अवघड होतं. याचा तुमच्या टीव्हीशी संबंध असा की थेंब दिसतात ते मागच्या काळोखावर. ‘व्हिव्हिड’ मोडमध्ये काळोख राखाडी होतो आणि पाऊस धुक्यासारखा पसरतो. ब्राइटनेस फार खाली नेला तर केलीचा गडद सूट भिंतीत विरतो. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा, खोलीतला दिवा मंद करा, नॉइज रिडक्शन शून्यावर आणा. नॉइज रिडक्शनला पावसाचे थेंब आणि फिल्मचे कण यांतला फरक कळत नाही, दोन्ही पुसून टाकतं.

स्ट्रीमिंगवर हे गाणं का बसत नाही याचंही कारण पाऊसच. फोर-के स्ट्रीमला साधारण सेकंदाला १५ ते २५ मेगाबिट मिळतात; डिस्कचा प्रवाह गरज पडली तर १०० च्या पुढे जाऊ शकतो. एका जागी स्थिर चेहरा दाबून साठवणं सोपं असतं. हजारो थेंब प्रत्येक फ्रेममध्ये जागा बदलतात, आणि तेवढे बिट हाताशी नसले की पाऊस चौकोनी ठिगळांत मोडतो. संवादाच्या प्रसंगांपुरतं बोलायचं तर स्ट्रीम आणि डिस्क यांत उजवं-डावं करणं कठीण आहे.

आवाज. हा चित्रपट १९५२ मध्ये मोनोमध्ये, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीवर, प्रदर्शित झाला. एमजीएममध्ये वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण एकापेक्षा जास्त मायक्रोफोनच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर होत असे, त्यामुळे संगीत पुढे स्टीरिओत मांडता आलं, आणि ५.१ चा पाया तोच. वाद्यवृंद समोर छान पसरतो, संवाद मधल्या स्पीकरमध्ये राहतात, मागचे स्पीकर बहुतेक वेळ गप्प असतात. ते योग्यच आहे. रिसीव्हरवरचे ‘हॉल’, ‘स्टेडियम’ वगैरे मोड बंद ठेवा. टॅपच्या आवाजाला घुमारा जोडला की ताल चिखलात रुतल्यासारखा होतो.

टॅपचे आवाज सेटवरचे नाहीत, हेही माहीत असावं. गाणी आधी ध्वनिमुद्रित करून सेटवर लावली जात, नाच त्यावर टिपला जाई आणि पायांचे ठोके नंतर, चित्र बघत बघत, वेगळे मुद्रित केले जात. भर पावसात, पाण्याच्या डबक्यात टॅप ऐकू येणार तरी कसा? म्हणून प्रत्येक ठोका हाताने जुळवलेला आहे. तो एका फ्रेमनेही हलू नये, आणि एक फ्रेम म्हणजे जेमतेम ४२ मिलिसेकंद.

ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन सहज १०० ते २०० मिलिसेकंद मागे पडतात. म्हणजे अडीच ते पाच फ्रेम! बातम्या ऐकताना हे खपतं, ‘गुड मॉर्निंग’मध्ये तीन माणसांचे सहा पाय एकदम पडतात तिथे अजिबात नाही. दुरुस्ती करण्याआधी मागे कोण आहे ते ओळखा. चित्र मागे असेल, म्हणजे ठोका आधी आणि पाय नंतर, तर साउंडबार किंवा रिसीव्हरमधला ‘ऑडिओ डिले’ १० च्या टप्प्यांनी वाढवा. आवाजच मागे असेल तर हे सेटिंग कामाचं नाही, कारण ते आवाजाला आणखी थांबवतं, पुढे ढकलत नाही. तिथे उपाय एकच: ब्लूटूथ सोडा, एचडीएमआयची वायर जोडा.

तपासायचं कुठे? आधी संवादांवर. माणूस जवळून दिसत असताना प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण पकडा. ओठ मिटल्याशिवाय ते निघत नाहीत, त्यामुळे फरक लगेच कळतो. उच्चार-शिक्षकाच्या प्रसंगात अशा जागा भरपूर आहेत. लगेच पुढे ‘मोझेस सपोझेस’ येतं, त्यात केली आणि ओकॉनर टेबलावर-जमिनीवर टॅप करतात. तिथे पायांवर नजर ठेवा. पण ‘द ड्युएलिंग कॅव्हेलिअर’च्या प्रीव्ह्यूच्या (प्रदर्शनाआधीच्या चाचणी-खेळाच्या) प्रसंगात रिमोटला हात लावू नका. तिथे प्रक्षेपणात ध्वनी घसरतो आणि लीनाच्या तोंडून खलनायकाचा जाडा आवाज येतो, तो मुद्दाम तसा केलेला आहे.

त्या प्रीव्ह्यूइतकाच चांगला दुसरा प्रसंग म्हणजे मायक्रोफोनचा. आधी मायक्रोफोन झुडपात लपवतात. लीना बोलताना मान इकडेतिकडे वळवते, त्यामुळे अर्धे शब्द येतात, अर्धे हवेत जातात. मग तो तिच्या छातीशी कपड्यात शिवतात, तर ध्वनिमुद्रकाला हृदयाचे ठोके ऐकू येतात. मग खांद्यावर. शेवटी स्टुडिओचा मालक सेटवर येतो, ही वायर इथे कशाला म्हणून ओढतो आणि लीना उताणी पडते. गंमत अशी की यातली एकही अडचण ओढूनताणून आणलेली नाही. सुरुवातीच्या बोलपटांत मायक्रोफोन जागचा हलवता येत नसे, कॅमेऱ्याची घरघर मुद्रणात येऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांना बंद पेटीत कोंडत. ती पेटीही इथे दिसते. चांगल्या स्पीकरवर या प्रसंगातली ध्वनीची रचना उलगडते: बोलणं जवळ-लांब होतं, ठोके खालच्या पट्टीत धडधडतात, प्रीव्ह्यूमध्ये मोत्यांची माळ दगड खडखडावेत तशी वाजते.

जीन हेगनला या कामासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार नाही. चित्रपटालाही नामांकनं दोनच होती, दुसरं संगीतासाठी, आणि तेही हुकलं. हेगनचा खरा आवाज लीनासारखा मुळीच नव्हता. स्वच्छ, जडसर आणि सुसंस्कृत होता. आता हे ऐका. गोष्टीत कॅथी लीनासाठी संवाद डब करते, त्या प्रसंगात पडद्यावर ओठ हलतात डेबी रेनल्ड्सचे आणि सुंदर बोलणं ऐकू येतं ते खुद्द हेगनचं. त्याच कामात ‘वुड यू’ गायलं जातं ते ना हेगनच्या आवाजात ना रेनल्ड्सच्या, तर बेटी नॉइसच्या. डिस्नेच्या ‘डम्बो’मधली ‘बेबी माइन’ ही अंगाई तिचीच. पडद्यामागे गाणाऱ्या मुलीला श्रेय मिळालंच पाहिजे असं सांगणाऱ्या या चित्रपटाच्या नामावलीत नॉइसचं नाव नाही. डिस्कवर हा प्रसंग लावून डोळे मिटले तर दोन्ही आवाजांतला फरक साफ कळतो.

रेनल्ड्सबद्दल तेवढ्यासाठी मत वाईट करून घेऊ नये. चित्रीकरणाच्या वेळी ती १९ वर्षांची, जिम्नॅस्टिक्स येणारी पण नर्तकी नसलेली मुलगी होती. केली आणि ओकॉनर दोघंही लहानपणापासून नाचणारे. ‘गुड मॉर्निंग’चं काम सकाळपासून रात्री उशिरापर्यंत चाललं आणि शेवटी तिच्या पायांतून रक्त आलं, असं ती पुढे अनेकदा सांगत असे. तिघं एका ओळीत येतात तेव्हा फक्त तिचे पाय बघा. कुठे मागे नाही, कुठे नुसता हातवारा करून वेळ मारून नेलेली नाही. ओकॉनरचं ‘मेक एम लाफ’ हे तर शरीराचं दिवाळं काढणारं काम. डोकं नसलेल्या बाहुल्याशी सोफ्यावर झटापट, चेहरा हाताने वेडावाकडा करणं, दोन भिंतींवरून कोलांट्या आणि तिसरी भिंत फोडून पार. शीर्षकगीताच्या वेळी केलीच्या अंगात १०३ अंश फॅरनहाइट ताप होता. ते गाणं स्टुडिओच्या आवारातल्या उघड्या रस्त्यावर, वर ताडपत्री ओढून दिवसा रात्र करून टिपलं. डबकी आपसूक साचलेली नाहीत. पाय नेमका कुठे पडणार हे ठरवून तिथे खड्डे केले होते.

सगळंच उत्तम नाही. ब्रॉडवे बॅले साधारण १३ मिनिटांचा आहे, म्हणजे चित्रपटाचा आठवा हिस्सा, आणि त्यावर सुमारे ६ लाख डॉलर गेले; पूर्ण चित्रपटाचा खर्च २५ लाखांच्या आसपास. नाकापेक्षा मोती जड. चॅरीसचे दोन्ही नाच अप्रतिम, विशेषतः पंख्यांच्या वाऱ्यावर उडणारा तो लांबच लांब पांढरा रेशमी पदर. पण गोष्ट ऐन रंगात आलेली असताना ती थांबते, कॅथी आणि कॉस्मो गायब होतात आणि चॅरीसच्या पात्राचा पुढेमागे कशाशी संबंध नाही. पटकथाकारांनाही हे कळलं असणार, कारण बॅले संपताच स्टुडिओचा मालक म्हणतो की हे काही आपल्या डोळ्यांपुढे उभं राहत नाही. चित्रपट पहिल्यांदाच बघणाऱ्या लहान मुलांसोबत बसला असाल तर इथे मध्यंतर घ्या, बॅले नंतर स्वतंत्र लावा. वेगळा बघितला की तो कितीतरी जास्त आवडतो.

जोडसाहित्याच्या बाबतीत डिस्क हात आखडता घेते. समालोचन आहे ते २००२ च्या डीव्हीडीवरचंच: रेनल्ड्स, ओकॉनर, चॅरीस, डोनन, कॉम्डन, ग्रीन आणि इतर काही जण. सगळे एका खोलीत बसून बोलत नाहीत, वेगवेगळं बोललेलं एकत्र शिवलेलं आहे. तरी ऐकावं, कारण यातले बहुतेक आता नाहीत आणि इतिहासकार रूडी बेलमर मधे मधे तारखा-नावांचा धागा नीट धरून ठेवतो. ब्लू-रेवर २०१२ चा ‘रेनिंग ऑन अ न्यू जनरेशन’ हा माहितीपट मिळतो. पन्नासेक मिनिटं पुढच्या पिढीतले लोक चित्रपट किती थोर आहे ते सांगतात. तो कसा केला हे सांगणारं फार थोडं. एकदा बघून सोडून द्यावा असा.

२००२ च्या दोन डिस्कच्या डीव्हीडी संचात फ्रीडच्या एमजीएममधल्या विभागावरचा दीड तासाचा माहितीपट होता, याच चित्रपटाच्या निर्मितीवरचा वेगळा माहितीपट होता, ही गाणी ज्या जुन्या चित्रपटांतून आली तिथले मूळ तुकडे होते आणि ध्वनिमुद्रणाच्या सत्रांचा ऐवजही होता. शिवाय कापलेलं एक गाणं: डॉनच्या मोठ्या जाहिरात-फलकासमोर उभी राहून कॅथी ‘यू आर माय लकी स्टार’ म्हणते.

तेव्हा हिशेब असा. घरी २०१२ ची ब्लू-रे आहे आणि टीव्ही ५० इंचांच्या आतला किंवा एचडीआर नसलेला असेल, तर घाईने बदलायची गरज नाही. वर सांगितलेली सेटिंग तिच्यावरही तशीच लागू पडतात. मोठा ओलेड टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर ही डिस्क घ्याच. जुनी पाल पद्धतीची (भारत-युरोपातल्या टीव्हीची पद्धत) डीव्हीडी असेल तर ती मात्र आज ना उद्या बदला. तिच्यावर चित्रपट सेकंदाला २५ फ्रेमने पळतो, १०३ मिनिटांचा ९९ मिनिटांत उरकतो, आणि स्वर दुरुस्त केलेला नसला तर सगळी गाणी अर्ध्या स्वराहून थोड्या कमी अंतराने चढी वाजतात. आणि २००२ चा दोन डिस्कचा संच कपाटात असेल तर त्यातली जोडसाहित्याची डिस्क रद्दीत काढू नका. जुन्या बाजारात तो सुस्थितीत दिसला तर दुसऱ्या डिस्कवर ओरखडे नाहीत ना, तेवढं बघून घ्या.